चलनावरच्या तीन चुका

माझ्या चलनावर तीन चुका होत्या. गाडीच्या नंबरातले शेवटचे दोन आकडे उलटे पडले होते, ४७ च्या जागी ७४. वडिलांच्या नावातलं एक अक्षर गळालं होतं. आणि तारीख एक दिवस मागची होती. दारू पिऊन गाडी चालवल्याबद्दल, म्हणजे मोटार वाहन कायद्याच्या कलम १८५ खाली, माझ्यावर केस झाली होती, आणि ती या तीन चुकांमुळे उडणार असं धरून मी जवळजवळ चार महिने काढले. जे झालं ते सगळं लिहितोय, कारण त्या चार महिन्यांत जो भेटला त्याचा हाच समज होता आणि तो मोडून काढणारं माणूस मला फार उशिरा भेटलं.

१७ जानेवारी २०२५, शुक्रवार. मित्राच्या शेतावर हुरडा होता. आगटीत भाजलेली गुळभेंडीची कणसं, लसणाची चटणी, शेंगा, गूळ, दही. दहानंतर बाटल्या निघाल्या. मी तीन पेग घेतले. घर अकरा किलोमीटर, रस्ता पायाखालचा, थंडीने डोकं जाग्यावर येईल असं म्हणून मी मोटरसायकल काढली. मला चढलेली नाही असं तेव्हा खरंच वाटत होतं.

महामार्गाच्या सर्व्हिस रोडला नाकाबंदी होती. टॉर्चचा झोत तोंडावर आला, "गाडी बाजूला घ्या दादा, हेल्मेट काढा." हवालदारांनी माझ्यासमोर प्लॅस्टिकची पिशवी फाडून नवी नळी काढली, यंत्राला लावली. "फुंका. थांबू नका, फुंकत राहा." यंत्र वाजलं. पडद्यावर ६८. कायद्यातली मर्यादा १०० मिलिलिटर रक्तात ३० मिलिग्रॅम, मी दुपटीच्याही वर होतो. यंत्रातून एसटीच्या तिकिटासारखी पट्टी बाहेर आली. तिच्यावर तारीख १८, वेळ ००:२५, आकडा ६८. त्या पट्टीवर मी सही केली. मग त्यांनी जीपच्या बॉनेटवर वही ठेवून, टॉर्च काखेत धरून चलन लिहिलं. थंडीने त्यांची बोटं आखडली होती, दोनदा पेन हातावर चोळून त्यांनी शाई आणली. बारा वाजून गेले तरी त्यांच्या डोक्यात ड्युटी चढल्याची तारीख होती, म्हणून १७ लिहिली गेली. हे मला आज कळतं. तेव्हा मी कागद घडी घालून खिशात ठेवला, मेहुण्याला फोन केला, गाडी आणि लायसन्स तिथेच सोडून त्याच्या मागे बसून घरी गेलो. बायको जागी होती. काही बोलली नाही.

सकाळी कागद उघडला आणि कामावर तपासणीचा रिपोर्ट वाचतो तसा ओळीओळीने वाचला. मी एका मशीन शॉपमध्ये क्वालिटीला आहे. गिअरबॉक्सचे शाफ्ट आमच्याकडे टर्निंग-ग्राइंडिंग होऊन माझ्या टेबलावर येतात. टॅगवर पार्ट नंबर चुकला, हीट नंबर, म्हणजे पोलाद कुठल्या वितळणीतलं त्याचा नंबर, चुकला, तर लॉट होल्ड, म्हणजे तो सगळा माल अडवून ठेवायचा. माझी सही झाल्याशिवाय ट्रॉली हलत नाही. सतरा वर्षं मी हेच करतोय, त्यामुळे तीन चुका दिसल्याबरोबर डोक्यात पहिला शब्द आला तो रिजेक्ट.

मामा म्हणाले, "नंबरच तुझा नाही तर केस तुझी कशी?" मित्र म्हणाला, तारीख चुकली म्हणजे संपलंच, १७ ला रात्री साडेबाराला तू शेतावर होतास की घरी झोपला होतास ते त्यांनी सिद्ध करावं. कोर्टाच्या गेटजवळ, स्टॅम्पवाल्यांच्या टेबलांमागे, एकाने कागद हातात घेऊन दहा सेकंदांत सांगितलं की टेक्निकल मुद्द्यावर काढून देतो, पंधरा हजार होतील, आणि ही चूक आत्ता कुणाला दाखवू नका, शेवटच्या तारखेला बाहेर काढू. मला ते पटलं. पैशांची जुळवाजुळव होईपर्यंत एक तारीख गेली, मग दुसरी. समन्स आलं होतं त्याच्यावरही तोच उलटा नंबर उतरला होता, त्यामुळे माझा विश्वास आणखी वाढला.

वकीलकाकूंकडे मी गेलो तो आईच्या सांगण्यावरून. आई आणि त्या एका भजनी मंडळातल्या. तीस वर्षं तालुक्याच्या आणि जिल्ह्याच्या कोर्टात फौजदारी काम केलेल्या बाई. त्यांच्या घराच्या पुढच्या खोलीतच ऑफिस आहे, टेबलावर फायलींच्या शेजारी निवडायला घेतलेली मेथी होती. मी तीन चुकांखाली लाल पेनने रेघा मारून झेरॉक्स नेली होती. त्यांनी ती बघितली आणि बाजूला ठेवली.

"त्या रात्री गाडी तू चालवत होतास?"

"हो."

"नळीत तूच फुंकलास?"

"हो."

"किती आलं?"

"अडुसष्ट."

"मग मला सांग, या तीन प्रश्नांची उत्तरं ज्या कागदात आहेत त्या कागदात काही चुकलंय का? तू मला बापाच्या नावातलं अक्षर दाखवतोयस."

मी म्हटलं, काकू, नंबर चुकलाय. त्या म्हणाल्या, नंबर पकडला गेला नाही, तू पकडला गेलास. कॅमेऱ्याने पाठवलेलं चलन असतं तेव्हा माणूस कुणी बघितलेला नसतो, सगळी केस त्या नंबरावर उभी असते. तिथे फोटोतली गाडी तुझी नसेल तर चूक म्हणजेच सगळं, ताबडतोब तक्रार करायची. नाकाबंदीत दोन हवालदारांनी तुला टॉर्चच्या उजेडात बघितलंय, तुझं लायसन्स त्यांच्याकडे आहे, गाडी ठाण्याच्या आवारात तीन दिवस उभी होती आणि ती तू सही करून सोडवून आणलीस. तिथे ४७ चं ७४ झालं तर कोर्टाला काय शंका येणार?

मग त्यांनी कपाटातून एक जीर्ण पुस्तक काढलं. १९७३ ची फौजदारी प्रक्रिया संहिता, कलम २१५. तीच तरतूद १ जुलै २०२४ पासून लागू झालेल्या भारतीय नागरिक सुरक्षा संहितेत २३८ कलमात आहे, पण त्यांना जुन्या पुस्तकातली उदाहरणं दाखवायची होती. आरोपात गुन्हा सांगताना किंवा तपशील देताना चूक झाली, तर ती कधी महत्त्वाची धरायची? आरोपीची तिच्यामुळे खरोखर दिशाभूल झाली असेल आणि त्यातून न्याय हुकला असेल, तरच. खाली उदाहरण होतं. एका माणसावर आरोप ठेवला की त्याने २१ जानेवारी १८८२ रोजी खोदाबक्षचा खून केला. प्रत्यक्षात मेलेल्याचं नाव हैदरबक्ष, आणि खून झाला २० जानेवारीला. पण त्या माणसावर दुसऱ्या कुठल्या खुनाचा आरोप कधी नव्हताच, आणि मॅजिस्ट्रेटसमोरची चौकशी त्याने ऐकली ती फक्त हैदरबक्षाच्या खुनाची. म्हणजे त्याची दिशाभूल झाली नाही, असं कोर्टाने समजायला हरकत नाही. चूक किरकोळ.

नाव चुकलेलं, तारीख एका दिवसाने चुकलेली, महिनाही जानेवारीच. मी ते तीन वेळा वाचलं. खुनाच्या आरोपात मेलेल्या माणसाचं नाव चुकलं तरी जिथे केस पडत नाही, तिथे माझ्या वडिलांच्या नावातल्या एका अक्षराचं वजन ते काय?

काकूंनी लगेच त्याच्या खालचं उदाहरण वाचायला लावलं, तेही तितकंच लक्षात ठेवण्यासारखं आहे. आरोपीवर दोन खून लावलेले, २० तारखेला हैदरबक्षाचा आणि त्याला पकडायला आलेल्या खोदाबक्षाचा २१ ला. आरोप ठेवला हैदरबक्षाच्या खुनाचा आणि खटला चालवला खोदाबक्षाच्या. आरोपीने बचावाचे साक्षीदार आणले होते ते पहिल्या प्रकरणातले. इथे मात्र तो फसला. इथे चूक महत्त्वाची. काकू म्हणाल्या, दोन्ही ठिकाणी घोटाळा नावाचाच आहे, फरक एवढाच की दुसऱ्याला कळलंच नाही आपण कशाला उत्तर द्यायचंय. तुला कळलं नव्हतं का?

मला पहिल्या रात्रीपासून कळलं होतं.

आणखी एक गोष्ट त्यांनी सांगितली, ती ऐकून गेटजवळच्या माणसाचा सल्ला किती घातक होता ते समजलं. माझ्यासारख्या छोट्या केसमध्ये, जिला समन्स केस म्हणतात, कोर्टाला रीतसर आरोप लिहून ठेवावा लागत नाही, मॅजिस्ट्रेटसाहेब आरोपाचा गोषवारा सांगून गुन्हा कबूल आहे का ते विचारतात. पण फिर्याद, समन्स यांतल्या चुकांनाही हाच गज लावतात. नव्या संहितेचं कलम ५११ म्हणतं की अशा चुकीपायी वरचं कोर्ट निकाल फिरवत नाही, न्याय हुकला असेल तरच फिरवतं. आणि ते ठरवताना हेही बघतं की हरकत आधी घेता आली असती का. म्हणजे चूक खिशात जपून ठेवायची आणि निकालाच्या दिवशी काढायची, हा डाव उलट आपल्याच अंगावर येतो.

मी तरी हट्ट सोडला नाही. कामाची सवय म्हणा. मी विचारलं, यंत्राचं कॅलिब्रेशन, म्हणजे ते बरोबर मोजतंय की नाही याची तपासणी? काकूंनी चष्मा काढला आणि म्हणाल्या, आत्ता तू पहिल्यांदा कामाचं बोललास.

हे मला कुणी शिकवायची गरज नव्हती. आमच्याकडे टॅग चुकला तर लॉट होल्ड होतो खरा, पण होल्ड म्हणजे रिजेक्ट नव्हे. रूट कार्ड बघायचं, शाफ्टवर पंच केलेला हीट कोड बघायचा, जुना टॅग फाडून नवा लावायचा, रजिस्टरला नोंद, सही, ट्रॉली पुढे. अर्ध्या तासाचं काम. गेज, म्हणजे मापायचं साधनच, चुकीचं निघालं तर मात्र गोष्ट वेगळी. ज्या मायक्रोमीटरच्या कॅलिब्रेशनची तारीख उलटून गेलीय त्याने घेतलेलं एकही माप मी मानत नाही. टॅग कितीही बरोबर असो, आधी पाठवलेला मालसुद्धा परत बोलवावा लागतो. चार महिने मी टॅगकडे बघत बसलो होतो आणि गेजचा विचार केला नव्हता.

काकूंनी अर्ज दिला. पुढच्या तारखेला यंत्राच्या कॅलिब्रेशनच्या दाखल्याची प्रत मिळाली. मी ती कोर्टाच्या व्हरांड्यात उभं राहून वाचली. यंत्राचा सिरीयल नंबर आणि माझ्या पट्टीवर छापलेला नंबर, दोन्ही बोट ठेवून एकेक आकडा जुळवला. जुळले. दाखला नोव्हेंबरचा, पुढची तारीख मे महिन्याची. १८ जानेवारी मधोमध. माझ्या टेबलावर हे गेज आलं असतं तर मी डोळे झाकून वापरलं असतं. दाखला घडी करून काकूंच्या फाइलमध्ये ठेवला आणि मनातून केस तिथेच संपली.

त्या दिवशी आमच्या आधी एका टेम्पोवाल्याची केस चालली, तीही १८५ ची. वरवर बघितलं तर त्याच्या कागदावर एकच चूक होती, माझ्यापेक्षा कमी. पण ती चूक पट्टीवरच्या वेळेत होती. फिर्यादीप्रमाणे त्याला रात्री ११ वाजून १० मिनिटांनी अडवला, आणि फुंकलेल्या पट्टीवर वेळ होती १० वाजून ३२. अडवण्याच्या आधीच तो फुंकला कसा? ती पट्टी त्याचीच की त्याच्या आधीच्या कुणाची? साक्षीला आलेल्या हवालदारांना याचं उत्तर देता येईना. पट्टीवर त्याची सहीही नव्हती. त्याच्या वकिलांनी दुसरा एकही प्रश्न विचारला नाही, त्याच एका जागी उभे राहिले. तो सुटला हे मला नंतर काकूंकडून कळलं. अक्षर तेच, आकडे तेच, पण ते आकडे पुराव्याच्या पोटातले होते.

काकूंनी दोन गोष्टी आणखी सांगितल्या होत्या, त्या लिहून ठेवतो, कारण लोक त्यांची आणि कारकुनी चुकांची सरमिसळ करतात. यंत्र किंवा रक्ततपासणी काहीच नसेल, नुसता तोंडाला वास, झोकांड्या आणि डोळ्यांच्या बाहुल्या यांवर दारू प्यायल्याचं सिद्ध धरता येत नाही, असा १९७१ चा सुप्रीम कोर्टाचा निकाल आहे, आणि ती केस आपल्या महाराष्ट्रातलीच होती. तिथे कागदावर चूक नव्हती, पुरावाच नव्हता. दुसरी गोष्ट कलम २०९ ची. भरधाव किंवा धोकादायक गाडी चालवल्याची, म्हणजे १८३ किंवा १८४ ची केस असेल, तर तुमच्यावर खटला होऊ शकतो हे त्याच वेळी सांगितलेलं असावं लागतं, नाहीतर १४ दिवसांत नोटीस, नाहीतर २८ दिवसांत समन्स. यातलं काहीच झालं नाही तर शिक्षा देता येत नाही. अर्थात आरोपीच पत्ता लपवून बसला असेल तर त्याला याचा फायदा नाही. कायद्याने घाल म्हटलेली पायरी गाळणं आणि अक्षर गाळणं, या दोन गोष्टी वेगळ्या. माझ्यावर १८५ एकटंच होतं, त्यामुळे २०९ चा मला उपयोग नव्हता.

शेवटच्या तारखेच्या आदल्या संध्याकाळी काकूंनी स्पष्ट विचारलं. "पुरावा शाबीत करा म्हणणं हा तुझा हक्क आहे, त्यात लाजण्यासारखं काही नाही. साक्षीदार बोलवू, उलटतपासणी घेऊ. पण मी तुला खोटं बोलू देणार नाही, आणि निकाल काय लागेल ते तुला माहीत आहे. घरी बोल आणि सकाळी सांग." रात्री जेवताना मी बायकोला सगळं सांगितलं, खोदाबक्ष-हैदरबक्षासकट. तिने ऐकून घेतलं. मग म्हणाली, "चार महिने तुम्ही तारखेबद्दलच बोलताय. १७ असो की १८. त्या रात्री मागं पोरगी बसली असती तर?" आमची मुलगी नऊ वर्षांची. मागे बसली की माझ्या जॅकेटच्या दोन्ही खिशांत हात घालून बसते. मी ताट तसंच ठेवून उठलो.

सकाळी साडेदहाला हजर होतो, पुकारा झाला पावणेएकला. सरकारी वकिलांनी आधीच चलनातला नंबर, नाव आणि तारीख दुरुस्त करण्याचा अर्ज दिला होता. साहेबांनी माझ्याकडे बघून विचारलं, "१७ किंवा १८ जानेवारीला तुमच्यावर दुसरी कुठली कारवाई झाली होती का?" त्यांनी प्रश्न विचारला आणि मला त्या जुन्या पुस्तकातलं पान दिसलं. मी म्हटलं, "नाही साहेब, हीच." काकूंनी हरकत नाही असं अर्जावर लिहून दिलं. दुरुस्ती झाली, प्रत मला दिली. चार महिने जिच्यावर माझा सगळा भार होता ती गोष्ट पाच मिनिटांत संपली.

मग साहेबांनी आरोप मराठीतून वाचून सांगितला आणि विचारलं, गुन्हा कबूल आहे का. कबुलीचा परिणाम काय होईल ते समजलंय का, कुणाचा दबाव आहे का, हेही विचारलं. माझ्या घशाला कोरड पडली होती. "कबूल आहे साहेब" हे मी इतकं हळू म्हणालो की शिरस्तेदारांनी परत म्हणायला सांगितलं. दुसऱ्यांदा मोठ्याने म्हणालो. पहिल्या गुन्ह्याला सहा महिन्यांपर्यंत कैद, दहा हजार दंड किंवा दोन्ही, अशी तरतूद आहे. मला दहा हजार रुपये दंड झाला, आणि सहा महिने गाडी चालवण्यास अपात्र ठरवलं. हे सहा महिने साहेबांच्या मर्जीचे नव्हते. १८५ ची शिक्षा झाली की कलम २० प्रमाणे कमीत कमी एवढी अपात्रता द्यावीच लागते. हे मला आधी एकाही सल्लागाराने सांगितलं नव्हतं, मामांनी नाही आणि पंधरा हजारवाल्यानेही नाही.

दंड भरायच्या खिडकीवर रांग होती. पावती हातात आली तेव्हा सवयीने वाचली. वडिलांच्या नावातलं तेच अक्षर परत गळालं होतं, जुन्या चलनावरूनच उतरवलेलं असणार. या वेळी मी ती घडी घातली नाही. सहा महिन्यांनी लायसन्स परत घ्यायला जाईन तेव्हा हीच पावती दाखवावी लागणार होती. खिडकीशी परत गेलो, आधारकार्ड पुढे केलं, म्हटलं, "मॅडम, एवढं अक्षर राहिलंय." त्यांनी बघितलं, "हो की," म्हणाल्या, अक्षर घातलं, शेजारी आद्याक्षरी सही केली, शिक्का मारला आणि पुढच्याला हाक दिली.

बाहेर काकू छत्री उघडून थांबल्या होत्या, मे महिन्याचं ऊन रणरणत होतं. त्यांना रिक्षात बसवलं आणि मी चालत एसटी स्टँडकडे निघालो. कारखान्याकडे जाणारी गाडी दीडला होती. दुसरी शिफ्ट सापडली असती.